हिरवा ठिपका होडीचा की लेन्सचा?

मिरकरवाडा बंदरावर रात्री काढलेला कुठलाही फोटो मोठा करून बघा. जेटीवरचे हायमास्ट, म्हणजे उंच खांबांवरचे झगझगीत दिवे, बोटींच्या केबिनमधले पांढरे एलईडी, पाण्यात पडलेली त्यांची लांबट प्रतिबिंबं हे सगळं असतंच. पण काळ्या आभाळात कुठेतरी एखादा हिरवट ठिपका, पुसट जांभळी चकती, कधी तर दिव्यांची अख्खी उलटी रांग दिसते. तिथे उभे असताना यातलं काहीही डोळ्यांना दिसलेलं नसतं. मी रत्नागिरीत फोटोग्राफी करतो. लग्नं, शिमग्यातल्या पालख्या आणि बंदर हे माझे नेहमीचे विषय. नव्याने रात्रीचे फोटो काढू लागलेली मुलं मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच: दादा, हे काय आलंय आणि घालवायचं कसं?

काय आलंय हे कळलं की घालवायचं कसं हे निम्मं कळतं. आपण सरसकट ज्याला फ्लेअर म्हणतो त्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. काचांमधल्या परावर्तनाने उमटलेला ठिपका किंवा चकती, म्हणजे घोस्ट. सगळ्या फोटोवर पसरलेला धुरकटपणा. दिव्यातून निघालेली लांब रेघ. आणि दिव्याभोवतीची चांदणी. चौघांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला आडोसा म्हणून बसवायचं कडं, लावून घोस्ट जात नाही आणि फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची जादा काच, काढून धुरकटपणा गेला नाही, की माणूस वैतागतो आणि महागडी लेन्स घ्यायला निघतो. त्याआधी पुढचं करून बघा.

मधोमध रेघ ओढा

फोटो मूळ स्वरूपात उघडा, कापलेला नको. कडेने कापलेल्या फोटोचा मध्य बदलतो आणि ही तपासणी फसते. आता फ्रेमचा मध्यबिंदू धरा. सर्वात झगझगीत दिव्यापासून निघून या मध्यातून पलीकडे जाणारी सरळ रेघ मनात ओढा. संशयित ठिपका त्या रेघेवर असेल तर तो जवळजवळ नक्की घोस्ट आहे. त्यातही मध्यापासून दिवा जितका लांब तितकाच ठिपका विरुद्ध बाजूला लांब असेल, तर बहुतेक वेळा दोषी असते ती सपाट काच: पुढे लावलेला फिल्टर, किंवा कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरचं आवरण. ठिपका रेघेवर आहे पण अंतर जुळत नाही, आकार गोल किंवा बहुकोनी आहे, तर तो लेन्सच्या आतल्या भिंगांमधून आलाय. आणि कुठल्याच दिव्याशी रेघ जुळत नसेल, तर तिथे खरोखर काहीतरी असण्याची शक्यता मोठी.

जागेवरच खात्री करायची असेल तर याहून सोपं आहे. स्क्रीनवर बघत कॅमेरा किंचित उजवीकडे फिरवा. खऱ्या सगळ्या वस्तू फ्रेममध्ये डावीकडे सरकतील. फिल्टरचा घोस्ट मात्र उलटा, उजवीकडे चालू लागेल. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा कधी गोंधळ होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर ही तपासणी जास्तच महत्त्वाची, कारण इथे हिरवे दिवे खरेही असतात. रात्री चालणाऱ्या बोटीच्या उजव्या अंगाला हिरवा आणि डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो, हा समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बंदरात येणारी एक बोट मी जेटीवरून टिपली होती आणि तिच्या उजवीकडे, पाण्याच्या जरा वर, एक हिरवा ठिपका होता. शेजारी जाळी आवरत बसलेल्या तांडेलमामांना (तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या) कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवला. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, हा तिचा दिवा नव्हे. बोट तोंड करून आपल्याकडे येतेय, म्हणजे तिची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. हिरवा डावीकडे दिसायला हवा, उजवीकडे तांबडा. मी मध्यातून रेघ धरली तर ठिपका थेट वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या हायमास्टशी जुळला. तांडेलाची रीत आणि प्रकाशशास्त्राची रीत वेगळी, पण निकाल एकच. तेव्हापासून समुद्रावरच्या रंगीत ठिपक्यांना मी या दोन्ही कसोट्या लावतो.

काचेच्या आत काय होतं

काचेवर प्रकाश पडला की सगळाच आरपार जात नाही. साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. लेन्समध्ये असे पृष्ठभाग भरपूर असतात. मागे फिरलेला प्रकाश पुढच्या एखाद्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा सेन्सरकडे वळतो आणि भलत्याच जागी उमटतो. म्हणजे घोस्टला दोन परावर्तनं लागतात, सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांसारखी. भिंगांचे ११ गट असलेल्या झूममध्ये हवेला भिडणारे २२ पृष्ठभाग होतात आणि त्यांच्या २३१ जोड्या. प्रत्येक जोडी एक घोस्ट पाडू शकते. बहुतेक इतके पसरट आणि फिके असतात की दिसत नाहीत. जे दिसतात ते एका ओळीत मांडल्यासारखे दिसतात, कारण भिंगं एकाच अक्षावर बसवलेली असतात. आपली रेघ मध्यातून जाते ती याचमुळे.

हे परावर्तन कमी करण्यासाठी काचेवर अतिपातळ लेप देतात. त्याची पद्धत १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी बसवली. लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या हिशोबाने ठेवतात, त्यामुळे लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. आजच्या चांगल्या बहुपदरी लेपात परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. पण कुठलाही लेप सगळ्या रंगांवर सारखा चालत नाही. जो रंग उरतो तोच घोस्टचा रंग होतो, म्हणून आपले ठिपके हिरवे नाहीतर जांभळे.

मग इतके चांगले लेप असून रात्री घोस्ट का? हिशोब करा. अर्धा टक्का गुणिले अर्धा टक्का म्हणजे चाळीस हजारात एक भाग. फारच कमी वाटतं. पण हायमास्टचा दिवा आणि त्यामागचं काळं आभाळ यांच्या उजेडात लाखो पटींचा फरक असतो. आभाळाच्या मानाने तो चाळीस हजारावा भागही झगझगीतच ठरतो. दिवसा हाच घोस्ट उजळ आभाळात बुडून जातो, रात्री त्याला लपायला जागा नसते.

यातूनच एक उपाय निघतो, आणि माझ्या मते तो सगळ्यात चांगला आहे: पूर्ण अंधार पडायची वाट बघू नका. तिन्हीसांजेला, सूर्य बुडाल्यावर साधारण वीस ते चाळीस मिनिटांत, दिवे लागलेले असतात आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडचं आभाळ अजून निळं असतं. दिवे आणि आभाळ यांच्यातली दरी तेव्हा आटोक्यात असते. हर्णैला संध्याकाळच्या मासळीच्या लिलावानंतर थोडं थांबून सुवर्णदुर्गाच्या दिशेने फोटो काढलात, तर रात्री नऊला जे घोस्ट छळतात ते त्या निळ्यात दिसतही नाहीत.

फिल्टर काढा

समुद्रावर खाऱ्या हवेपासून लेन्स वाचवायला यूव्ही फिल्टर लावून ठेवतात, दिवसा ते योग्यच आहे. रात्री दिवे फ्रेममध्ये असतील तेव्हा तो काढून खिशात ठेवा. सेन्सरवर नेमका केंद्रित झालेला प्रकाश थोडा मागे फिरतो, लेन्समधून बाहेर जातो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येऊन केंद्रित होतो. म्हणून फिल्टरचा घोस्ट पुसट चकती नसतो, तो दिव्याचं नेटकं, उलटं चित्र असतो. देवळाच्या शिखरावर रोषणाईची माळ असेल, तर आभाळात तीच माळ खाली डोकं वर पाय करून उमटते. पौर्णिमेच्या चंद्राचं तर आणखी अजब. समुद्रासाठी दहा सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे तितका वेळ प्रकाश आत येऊ दिला, की खरा चंद्र पांढरा गोळा होऊन जातो आणि विरुद्ध बाजूला एक छोटा, डागांसकट दिसणारा चंद्र उमटतो, कारण घोस्टला मिळालेला उजेड नेमका योग्य असतो. असे फोटो ‘आकाशातली गूढ वस्तू’ म्हणून मोबाइलवर फिरतात. मध्यातून रेघ ओढा, दुसऱ्या टोकाला चंद्र सापडेल.

फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या. ठिपका गेला तर विषय संपला. नाही गेला तर तो भिंगांमधला आहे. तेव्हा ऍपर्चर, म्हणजे पात्यांनी लहानमोठं होणारं लेन्समधलं छिद्र, बदलून बघा: उघड्या ऍपर्चरला चकती मोठी आणि फिकी, बारीक ऍपर्चरला लहान, ठळक आणि पात्यांच्या आकाराची. एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक, म्हणून एफ/११ वर जो षटकोन डोळ्यात खुपतो तो एफ/४ वर पसरून विरून जातो.

धुरकट पडदा: मीठ, दमटपणा, बुरशी

कोकणात खरा शत्रू घोस्ट नाही, हा आहे. काळा रंग करडा पडतो, प्रत्येक दिव्याभोवती गोल प्रभा दिसते, सगळा फोटो दुधाळ वाटतो. लोक लेन्सला दोष देतात. दोष बहुतेक वेळा लेन्सवर बसलेल्या थराचा असतो.

दिवसभर आणि संध्याकाळी समुद्रावरून खारे वारे येतात आणि लाटांचे सूक्ष्म तुषार बरोबर आणतात. भाट्याच्या किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर अर्धा तास उभे राहा आणि मोबाइलची टॉर्च तिरकी धरून लेन्सची पुढची काच बघा. समोरून स्वच्छ वाटणाऱ्या काचेवर शेकडो बारीक कण चमकतील. पाणी उडून गेलं, मीठ उरलं. दिव्याचा प्रकाश त्या प्रत्येक कणावर विखुरतो.

ते शर्टाच्या टोकाने पुसू नका. मिठाचे स्फटिक कोरडेच घासले तर लेपावर ओरखडे उठतात आणि मग धुरकटपणा कायमचा. आधी ब्लोअरने फुंका. मग लेन्सच्या द्रवाने किंवा डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेलं मायक्रोफायबर कापड मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवा, म्हणजे मीठ विरघळून निघेल. शेवटी दुसऱ्या कोरड्या कापडाने. कापड दोन लागतात, एकाच कापडाने ओलं-कोरडं करत बसलात तर तेच मीठ पुन्हा पसरतं.

उशिरा रात्री वारा फिरतो आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. पहाटे लेन्सवर मीठ कमी बसतं, हवा निवळ असते. पण पहाटे उजाडतं पूर्वेला, समुद्राकडचं आभाळ काळंच राहतं. म्हणजे संध्याकाळी आभाळ चांगलं पण काच घाण, पहाटे काच स्वच्छ पण आभाळ काळं. समुद्राच्या दिशेने फोटो हवा असेल तर मी संध्याकाळ निवडतो आणि काच सारखी तपासतो. गावाच्या, देवळांच्या, डोंगराच्या बाजूने हवा असेल तर पहाट.

दमटपणाचं वेगळं. एसी गाडीतून किंवा हॉटेलच्या थंड खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर आणला की थंड काचेवर बाफ धरते. पुसली तरी मिनिटभरात परत येते. निघण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या, म्हणजे बाफ पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

आणि बुरशी. पावसाळ्यात बॅगेत चार महिने पडून राहिलेली लेन्स काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा पसरट पांढुरका थर दिसला तर दिव्यांभोवतीच्या प्रभेचं मूळ तिथेच आहे. हे घरी पुसून निघत नाही, लेन्स उघडणारा कारागीर लागतो. टाळायचं असेल तर हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आत एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. पुड्या ओलावल्या की गरम करून वाळवा आणि पुन्हा घाला.

लांब रेघेचं कारण मात्र साधं असतं: तेलकट बोट. काचेवर बोट आडवं फिरलं की तेलाच्या बारीक आडव्या ओळी उमटतात आणि दिव्याचा प्रकाश त्यांच्या काटकोनात, म्हणजे उभा, ताणला जातो. विश्वास बसत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मुद्दाम बोट आडवं फिरवून रस्त्यावरचा दिवा बघा, मग उभं फिरवून बघा. रेघ फिरलेली दिसेल. स्वच्छ पुसलंत की गेली.

चांदणी हा दोष नाही. ऍपर्चरच्या पात्यांच्या कडांवरून प्रकाश वळतो म्हणून ती पडते. पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट: ८ पात्यांना ८, ७ पात्यांना १४. हवी असेल तर एफ/११ ते एफ/१६, नको असेल तर ऍपर्चर उघडा.

उभं कुठे राहायचं

फ्रेमच्या बाहेरचा दिवाही काचेवर पडतो आणि फोटो दुधाळ करतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, समोर जाऊन लेन्सकडे बघा. काचेवर दिवा चमकताना दिसला तर तो आत घुसतोय. हूड लावा. पुरला नाही तर हात किंवा टोपी अशी धरा की तिची सावली काचेवर पडेल. फ्रेममध्ये हात येत नाही ना, तेवढं स्क्रीनवर बघा.

फ्रेमच्या आतल्या दिव्याला हूडचा काही उपयोग नाही. तिथे दोन पावलं सरका. डोलकाठी, नारळाचा बुंधा, देवळाची दीपमाळ, काहीही चालतं, दिव्याचा गाभा त्याच्या आड घ्या. आडोसा नसेल तर दिवा फ्रेमच्या मध्याजवळ आणा, म्हणजे फिल्टर आणि सेन्सरचे घोस्ट त्या दिव्यावरच येऊन पडतात. किंवा दिव्याची विरुद्ध जागा कुठे येते ते बघून तिथे काळं आभाळ न ठेवता उजेडातलं काहीतरी ठेवा: रंगवलेली बोट, जाळ्यांचा ढीग, माणसांची गर्दी. गर्दीत घोस्ट कुणाला सापडत नाही.

यातलं काहीच जमत नसेल तर दोन फोटो घ्या. ट्रायपॉड घट्ट, फोकस आणि एक्स्पोजर हाताने ठरवलेलं. पहिला नेहमीसारखा. दुसऱ्यात लेन्ससमोर थोड्या अंतरावर बोट धरून फक्त तो दिवा झाका. दिवा झाकला की त्याचे सगळे घोस्ट एकदम नाहीसे होतात. नंतर एडिटिंगमध्ये दोन्ही एकावर एक ठेवा आणि घोस्ट होते तेवढ्या जागी दुसरा फोटो दिसू द्या. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो एकत्र करून मात्र घोस्ट जात नाही, कारण दिव्याच्या प्रमाणात तो प्रत्येक फोटोत तसाच असतो.

दीपगृहासाठी हीच युक्ती वेगळ्या तऱ्हेने. रत्नदुर्गाच्या टेकडीवरचा असो की जयगडचा, प्रत्येक दीपगृहाचा झोत ठरलेल्या लयीत चमकतो, खलाशी ती लय मोजूनच दीपगृह ओळखतात. आधी घड्याळ लावून लय मोजा. मग लांब एक्स्पोजर सुरू करा आणि झोत सरळ तुमच्याकडे वळतो त्या क्षणी काळा पुठ्ठा लेन्सपुढे धरा, लगेच काढा. दमट हवेत आडवे जाणारे झोत उमटतील, आणि डोळा दिपवणारी चमक, तिच्या घोस्टसकट, बाहेर राहील. लेन्सला धक्का लागू देऊ नका.

मोबाइलवर फिल्टर काढायची सोय नाही, कारण पुढची काच आणि सेन्सरजवळची सपाट काच कायमच्या बसवलेल्या असतात. म्हणून मोबाइलचे हिरवे ठिपके जवळजवळ नेहमी दिव्याच्या बरोब्बर विरुद्ध पडतात. काच पुसा, जागा बदला, दिवा आड घ्या. एवढं केलंत तरी पुष्कळ फरक पडतो.

पालखीत गॅसबत्ती जवळून जाते तेव्हा फ्रेमवर जी उबदार प्रभा पसरते ती मी बऱ्याचदा राहू देतो, ढोल वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर आली नसेल तर. त्या रात्रीचा उजेड तसाच असतो. पण ठिपके पुसायला आता ज्या आपोआप चालणाऱ्या सोयी आल्यात, त्या वापरताना आधी रेघ ओढून खात्री करा. दूरची होडी त्यांच्या लेखी ठिपकाच असते, आणि तिच्यावर माणसं असतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बंदरात दिवे तुरळक. या दिवसांत घरीच आपल्या प्रत्येक लेन्सची परीक्षा घ्या. खोलीत अंधार करून एका टोकाला मोबाइलची टॉर्च ठेवा. दिवा मध्यातून हळूहळू कोपऱ्याकडे नेत प्रत्येक ऍपर्चरला फोटो घ्या, आधी फिल्टरसह, मग फिल्टर काढून. दिवा कुठे आला की कुठला घोस्ट येतो आणि कुठल्या ऍपर्चरला तो विरतो, ते लेन्सच्या नावासह वहीत लिहा. ती वही कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवा.